‘१४५ रिकामेच असते’ म्हणणाऱ्यांना

विसर्जन मिरवणुका आणि ऊसतोडणीचा हंगाम जवळ आला की सांगली परिसरात एक संदेश फिरू लागतो: स्वस्तातला वॉकीटॉकी ऑनलाइन मागवा, १४५ मेगाहर्ट्झ लावा, परवाना लागत नाही, ती फ्रिक्वेन्सी रिकामीच असते, पुरातही उपयोगी पडते आणि हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा तर तज्ज्ञांनीच द्यावी.

परवान्याचा मुद्दा लवकर संपतो. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधील कमी शक्तीच्या सेटना परवान्यातून सूट आहे. १४४ ते १४६ हा पट्टा मात्र हौशी रेडिओचा असून तेथे बोलण्यासाठी परीक्षा, परवाना आणि कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारे ओळखचिन्ह) लागते. खोक्यावर ‘लायसन्स फ्री’ छापले, तरी आतला सेट अनेकदा १३६ ते १७४ पर्यंत कोठेही प्रक्षेपण करू शकतो. ऊस वाहतुकीसाठी तर परवानाधारक हॅमलाही हा पट्टा वापरता येत नाही, कारण या सेवेत व्यावसायिक संदेशांना मनाई आहे.

‘रिकामी’ हा शब्द अधिक फसवा आहे. क्षीण संकेताला सेटचा स्क्वेल्च, म्हणजे खरखर बंद ठेवणारी झडप, उघडतच नाही, म्हणून ऐकणाऱ्याला शांतता वाटते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून १४५.८०० वर बोलते, एका फेरीत जेमतेम दहा मिनिटे आपल्या आकाशात असते, आणि शाळकरी मुलांचा अंतराळवीरांशी संवाद याच फ्रिक्वेन्सीवरून ऐकू येतो. एफएममध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन संकेत आले, तर प्रबळ संकेत दुसऱ्याला दाबून टाकतो. शेजारच्या गल्लीतील पाच वॅटच्या सेटपुढे त्या दूरच्या आवाजाचा टिकाव लागत नाही. रिपीटरच्या, म्हणजे ऐकलेला संदेश पुन्हा दूरवर प्रक्षेपित करणाऱ्या केंद्राच्या, बाबतीत घोळ आणखी वाढतो. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो. दोहोंत सहसा ६०० किलोहर्ट्झचे अंतर असते. त्याच्या ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीवर सामसूम पाहून कोणी ‘ट्रॅक्टर काट्यावर आला का?’ असे विचारले, तर डोंगरावरचा रिपीटर तो प्रश्न दूरदूरच्या गावांना ऐकवतो. (हंगामात कोणाचे वाहन कोणत्या फडात अडकले आहे, हे मला त्यामुळे घरबसल्या कळते.)

पुराचे विधान अर्धे खरे आहे. जीव धोक्यात असेल तर हाती असलेल्या साधनाने हाक मारण्यास आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमही आड येत नाहीत. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतील आयर्विन पुलाजवळ, जेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तेथे कृष्णा ५७ फुटांवर गेली होती; अशा वेळी मदतकार्याच्या नेटवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर जमलेल्या हॅमच्या गटात, एक नियंत्रक असतो आणि बाकीचे त्याने बोलावल्यावरच बोलतात. ‘कोयनेतून एवढे क्युसेक सोडले’ असे कोणी सांगितले, तर कॉलसाइनमुळे निदान सांगणारा कोण हे कळते. निनावी आवाजाला उलट विचारायचे कसे?

परीक्षेबद्दल इतकेच, की वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही ती देता येते आणि परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक भाषा) यावे लागत नाही. केवळ मिरवणुकीपुरते बोलायचे असेल, तर मंडळाला ४४६ चा सेट पुरतो.