स्नो एन्जॉय करा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

पारा १६ वर आला की आपल्या मुंबईत फेसबुकवर जे काही सुरू होतं ना ते बघून मला आता हसूच येतं. कानटोप्या घालून सेल्फी काय, गच्चीवर शेकोटी काय, "काश्मीर झालंय नुसतं" काय. अहो सांताक्रूझचा नीचांक ७.४ आहे आणि तोसुद्धा २७ जानेवारी १९६२ चा! आपली थंडी म्हणजे सकाळी खोबरेल तेलाची बाटली गॅसजवळ ठेवायची आणि दुपारी पंखा लावायचा. मजा करा, माझी काही ना नाही. फक्त तिकडे बर्फात राहणाऱ्या पोरांना फोनवर "अय्या किती मस्त, एन्जॉय करा" म्हणणं बंद करा, एवढीच विनंती.

मागच्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी विनिपेगला होते. कॅनडाच्या ऐन मध्यात, समुद्र लांब, त्यामुळे थंडीला आवरायला कोणी नाही. जानेवारीत मायनस १० असलं तर लोक खुशीत "आज बरंय" म्हणतात. गाड्यांच्या बॉनेटमधून इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरच्या प्लगची वायर लोंबत असते, रात्री ती लावायची विसरलात तर कडाक्याच्या थंडीत सकाळी इंजिन ढिम्म हलत नाही. मायनस ४० ला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात, आमचे जावई म्हणतात तेवढ्यापुरतं तरी अमेरिकेशी एकमत.

पण खरं सांगू का, घरात थंडी अजिबात वाजत नाही. माझं माहेर नाशिकचं, तिथे डिसेंबरात पहाटे लादीवर पाय ठेववत नाही, आणि निफाडला तर द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात. तशी कुडकुड तिकडे घरात एकदाही नाही झाली. दुहेरी काचा, जमिनीतल्या जाळीतून गरम हवा, घरात २१-२२. मग रडायचं कशाला, असं इकडून सगळे विचारायचे.

तर खिडकी उघडत नाही म्हणून! महिनोन्महिने बंद. कालच्या फोडणीचा वास आज पण घरातच, भाजीवाल्याची हाक नाही, शेजारच्या कुकरची शिट्टी नाही, खाली कोणी भांडत सुद्धा नाही. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा बारीक झटका बसतो. हीटरने अंग गरम होतं हो, पण त्या मुलांना उबेची नाही, उघड्या दाराची आठवण येते, हे माझं ठाम मत झालंय.

त्यात ते ऊन म्हणजे शुद्ध फसवणूक. आकाश निळंशार, लख्ख सूर्य, आतून बघितलं की वाटतं बाळाला तेल लावून पाच मिनिटं कोवळ्या उन्हात ठेवावं, आणि दार उघडून पहिला श्वास घेतला की नाकातले केस ताठ. काचेआडून ऊन देऊन उपयोग नाही, ड जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते, म्हणून अंगावरच्या बाळांना रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगतात. धुरीचं तर नावच काढू नका, निखारे आणायचे कुठून आणि आणलेच तर स्मोक अलार्म अख्खी बिल्डिंग खाली उतरवेल. बाळाला जाड जॅकेट घालून कार सीटमध्ये बसवायचं नसतं हेही तिकडेच कळलं, पट्टे सैल राहतात. पातळ कपडे, पट्टे घट्ट, मग वरून ब्लँकेट. मला लगेच पटलं, माझ्या जाऊबाईंना अजून पटलेलं नाही आणि त्या मला निर्दयी आजी समजतात.

आता जाणाऱ्यांसाठी. एक भलामोठा कोट घेऊन भागत नाही, आत थर हवेत, आणि पाच बोटांच्या ग्लोव्हजपेक्षा बोटं एकत्र राहणारे मिटन्स जास्त उबदार. दुपारी उजेड असताना दहा मिनिटं तरी बाहेर पडा, डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि मग सोफा सुटत नाही. फारच गारठा असेल तर मॉलमध्ये चाला, पण घरात बसून भारतातल्या बीचचे रील्स बघत राहू नका, आमची लेक तेच करायची आणि अजून उदास व्हायची. तिकडचे लोक भर हिवाळ्यात आठवडाभर मेक्सिकोला पळतात, त्याला आपल्याकडे चैन म्हणतात. मला तर तो औषधाचाच खर्च वाटतो, जमत असेल त्याने खुशाल करावा.

आणि इथून फोन करणाऱ्यांनी स्नो स्नो करण्यापेक्षा फोन घेऊन गॅलरीत उभं राहा. इकडची हवा, कावळे, रिक्षा, वॉचमनचा रेडिओ, ऐकू दे त्यांना. लेकीला हेच हवं असतं, मी काय बोलते त्याकडे तिचं लक्ष पण नसतं.

पुढची फेरी मात्र जूनमध्ये. तेव्हा तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि खिडक्या सताड उघड्या. मच्छर भयंकर असतात म्हणे, पण त्यांची सवय आहे आपल्याला.