दोन जाहिरातींमधला सांधा

सुतारकामाच्या हौशीपायी तुम्ही वेबसाइट काढलीत, त्याबद्दल अभिनंदन. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार गच्चीवरच्या पत्र्याखाली भुसा खाऊन जे शिकलात ते चार लोकांना फुकट सांगावं, असा तुमचा हेतू दिसतो. हेतू चांगला आहे. तो लवकरात लवकर सोडा. सर्व्हरचं बिल येतं, डोमेनचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, आणि सागवान घनफुटाला काय भावाने पडतं ते मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा जाहिराती घ्या. मी स्वतः साइट चालवत नाही, पण असल्या साइटी वाचण्यात माझी सात-आठ वर्षं गेली आहेत. सुरीबद्दल बोकडाला जे कळतं ते खाटकालाही कळत नाही, एवढ्या अधिकारावर हा सल्ला.

आधी जागा बघू. नवखा माणूस जाहिरात लेखाच्या डोक्यावर नाहीतर पायाशी लावतो. तिथे ती कोणाला आडवी येत नाही, म्हणजे फुकट गेली. तिची खरी जागा वाक्याच्या पोटात. ‘आता ही फळी’ इथे लेख तोडा, मधे रमीचं ॲप आणि गुडघेदुखीचं तेल घाला, आणि मग ‘बरोबर ४५० मिलिमीटरवर कापा’ असं खाली कुठेतरी येऊ द्या. वाचक तिथवर पोचेपर्यंत पान दोनदा हललं पाहिजे. आकृती आणि तिच्यातली मापं एका पडद्यावर एकत्र दिसली, तर तुमचं काही तरी चुकलंय.

आपले पूर्वज या बाबतीत फारच भोळे होते. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या साइटवर एटी अँड टी कंपनीची जाहिरात लागली. वेबवरची पहिली बॅनर जाहिरात म्हणून तिचं नाव घेतात. तुळईसारखी आडवी, एका जागी गप पडलेली. इथे कधी टिचकी मारलीत का, अशा अर्थाचं काहीतरी त्यात विचारलं होतं. विचारलं होतं! परवानगी घेतल्यासारखं!

पुढे सुधारणा झाली. ट्रायपॉड नावाच्या साइटवर काम करणाऱ्या ईथन झुकरमनने वेगळ्या खिडकीत उघडणाऱ्या जाहिरातीचा, म्हणजे पॉप-अपचा, कोड लिहिला. कारण मोठं सोज्वळ होतं. एका मोटार कंपनीला आपली जाहिरात एका चावट पानावर दिसली आणि ती बिथरली, म्हणून जाहिरात पानापासून वेगळी काढायची होती. २०१४ मध्ये त्याने या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली. तुम्ही घाई करू नका. माफी मागायची वेळ येईतो साइट विकून मोकळे झालेले असाल.

आता फुलीकडे येऊ, म्हणजे जाहिरात बंद करायच्या त्या कोपऱ्यातल्या ‘×’कडे. बोटाने दाबायच्या बटणाला किमान ४८ डीपी (हे पडद्यावरचं माप), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, जागा ठेवा असं गूगल डिझायनरांना सांगतं. ते सामान्य जनतेसाठी. तुमचा वाचक अर्ध्या मिलिमीटरवरून स्वतःला शिव्या घालणारा माणूस आहे. त्याला दोन मिलिमीटरची फुली म्हणजे क्रिकेटचं मैदान. करड्यावर करडी काढा, आणि पान उघडल्यावर पाच सेकंदांनी उगवू द्या.

या पाच सेकंदांची ताकद मी स्वतः अनुभवली आहे, म्हणून खात्रीने सांगतो. मी आंब्याच्या लाकडाचं स्टूल करत होतो. पाय चारही बाजूंनी जरासे बाहेर झुकलेले, त्यामुळे प्रत्येक पाय आपल्याच खाचेत आणि ठरलेल्या तोंडानेच बसायला हवा. चारही खाचांत फेव्हिकोल भरला. तीन पाय बसले. चौथ्याचं तोंड आत की बाहेर, एवढंच बघायचं होतं. मोबाइल रंगाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मी वाकलो आणि पान आपोआप ताजंतवानं झालं. आकृतीच्या जागी मॉड्युलर किचनमध्ये हसत उभी असलेली एक बाई. पाच, चार, तीन. फुली उगवली. माझी दहाही बोटं गोंदाने माखलेली. एक बोट शर्टाला पुसून दाबलं, पडद्याने दाद दिली नाही. कोपर लावून पाहिलं. शेवटी नाक लावलं. नाक हे अवजार दोन मिलिमीटरच्या कामाचं नाही. ते बाईच्या गॅसच्या शेगडीवर पडलं आणि दुकान उघडलं.

त्याच वेळी बायको वाळलेले कपडे काढायला गच्चीवर आली. “काय हुंगताय?” म्हणाली. उत्तर देण्यासारखं नव्हतं.

पांढरा गोंद तुम्हाला हलवाहलवीला पाच-दहा मिनिटं देतो. त्यातली निम्मी दुकानातून बाहेर पडण्यात गेली. चौथा पाय मी अंदाजाने ठोकला. त्या दुकानाचं मात्र कौतुक करायला हवं. पुढचे तीन आठवडे मी बातम्या वाचल्या, हवामान पाहिलं, रेल्वेचं तिकीट काढलं, प्रत्येक ठिकाणी ते मला तयार स्टुलं दाखवत होतं. चारही पाय टेकलेली.

यामागची यंत्रणा समजून घ्या, म्हणजे तुम्हाला तिच्याबद्दल आदर वाटेल. बल्लारशाच्या डेपोत सागवानाचा लिलाव होतो तेव्हा व्यापारी ओंडक्याभोवती फिरतात, टोकाच्या चकत्या बघतात, गाठी मोजतात, पोकळ वाटलं तर ठोकून आवाज ऐकतात. तुमच्या वाचकाचा लिलाव याहून झटपट होतो. त्याने पान उघडलं, की तो कोण, कुठला, काल काय शोधत होता याचा अंदाज बोली लावणाऱ्यांकडे जातो, सेकंदाच्या दहाव्या भागात सौदा पटतो, आणि जिंकणाऱ्याची जाहिरात पान भरायच्या आत हजर. ओंडक्याला निदान आपल्याला ठोकून बघताहेत हे कळतं.

अर्थात एवढं शास्त्र वापरून शेवटी गुडघ्याचं तेलच का दिसतं, हे मला अजून उमगलेलं नाही. गच्चीवर ओणवं बसून करवत चालवणाऱ्याचे गुडघे दुखतात हे खरं. पण ते त्यांना कोणी सांगितलं?

फर्निचरच्या नकाशांची जाहिरात मात्र चुकवू नका. या छंदात ती सत्यनारायणाच्या प्रसादासारखी सगळीकडे हातावर पडते. ‘१६,००० तयार नकाशे, फक्त आजच्या दिवसासाठी.’ आजचा दिवस मी पाहतोय तेव्हापासून संपलेला नाही. रोज एक वस्तू केली, गणपती-दिवाळीलाही सुट्टी घेतली नाही, तरी १६,००० नकाशांना ४३ वर्षं आणि वर काही महिने लागतात. मी आजवर पूर्ण केलेल्या वस्तू पाच. त्यातलं एक ते स्टूल.

आता मुख्य उत्पन्नाबद्दल. नुसत्या बॅनरवर चहाचेही पैसे सुटत नाहीत. खरा पैसा दुव्यांत आहे. ॲमेझॉनने १९९६ मध्ये सुरू केलेली पद्धत साधी आहे. तुमच्या पानावरून कोणी दुकानात गेला आणि त्याने खरेदी केली, की टक्केवारी तुमची. त्यातली गंमत अशी, की ती टिचकी साधारण २४ तास जिवंत राहते. सकाळी तुमच्या पानावरून रंधा बघायला गेलेल्याने रंधा घेतलाच नाही आणि संध्याकाळी तुरीची डाळ मागवली, तरी त्या डाळीत तुमचा वाटा असू शकतो. म्हणून लेख कशावर आहे याची फार फिकीर नको. माणूस दारातून गेला पाहिजे.

यासाठी ‘यंदाच्या सर्वोत्तम १० पटाश्या’ हा लेख लिहाच. पटाशी हातात घेतली नसेल तरी चालेल, किंबहुना न घेतलेली बरी. हातात घेतली की मत तयार होतं. दुकानातली छायाचित्रं उचला, प्रत्येकीचे तीन गुण आणि एक दोष लिहा. दोष कायम ‘किंमत थोडी जास्त’ हाच. गुण कायम ‘मजबूत मूठ’. एखाद्या कंपनीने यंत्र फुकट पाठवलं तर ‘यंत्र भेट मिळालं, मतं माझीच’ हे वाक्य तयार ठेवा. मुंबईच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ पासून असल्या मजकुरावर जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहायला सांगितलंय. लिहा की. अक्षर किती बारीक काढायचं याचा सराव फुलीवर झालेलाच आहे.

आणि एक विषय कटाक्षाने टाळा. धार.

हे जरा समजावून सांगतो, कारण बहुतेक हौशी साइटवाले नेमके इथे घसरतात. समजा एखादा नवशिक्या विचारतो, माझा रंधा लाकूड ओरबाडतो, काय करू? तुमच्यातला भला माणूस उसळून सांगणार, अहो, पातं काढा, काचेच्या तुकड्यावर १००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून ठेवा, पात्याची पाठ सपाट करा, मग उतार घासा, मागे बारीक कड उलटेपर्यंत. झालं. या उत्तरात काय विकलं गेलं? एक पॉलिश पेपर, आणि तोही तो कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून आणणार. धारेला टक्केवारी नाही. म्हणून उत्तर द्यायचं ते असं, की तुमचा रंधा जुना झाला, हा घ्या. नव्यानेही ओरबाडलं, तर पातं ठरावीक कोनात धरणारा साचा घ्या. तोही जमेना, तर विजेवर चालणारं धार लावायचं यंत्र आहेच. प्रत्येक पायरीला दुवा.

मी या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतो तेव्हा आमच्या सोसायटीत दारं-खिडक्या करणारे मिस्त्री सहज गच्चीवर आले. वय साठीच्या पुढे, खांद्यावर पिशवी, पिशवीत मोजून आठ-दहा हत्यारं. माझी भिंतीवर टांगलेली मांडणी त्यांनी दुकानात आल्यासारखी बघितली. मग माझा नवा रंधा उचलला, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाले, “सर, ह्यानं लोणी पण निघायचं नाही.” पिशवीतून दगड काढला, त्यावर दोन थेंब तेल टाकलं आणि पुढची दहा मिनिटं त्यांच्या रमेशच्या लग्नाचं कसं जमलं ते सांगत पातं घासलं. मग आंब्याच्या त्याच फळीवरून रंधा एकदा ओढला. कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली, पुढून मागचं दिसेल अशी, आणि वाऱ्यावर शेजाऱ्यांच्या गॅलरीत गेली. मी विचारलं, दगड कुठल्या कंपनीचा? ते म्हणाले, “वडिलांचा.”

असला माणूस तुमच्या धंद्याला घातक आहे. त्याची मुलाखत चुकूनही छापू नका.

वाचकाला काय वाटतं याचा विचार करायचाच असेल तर थोडक्यात करू. लोकांना वाटतं, की हौशी माणसाला जाहिरातीचा तिटकारा असतो. खोटं आहे. अवजारांच्या जाहिरातींची पुस्तिका आम्ही रात्री उशाशी घेऊन झोपणारी जमात. दिवाळी अंकातल्या जाहिरातीसुद्धा आम्ही वाचतो, कारण त्या जागच्या हलत नाहीत आणि अंक मिटला की स्वयंपाकघरात मागे येत नाहीत. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये अमक्या वखारीत शिसवाचे तुकडे सुटे मिळतात, किंवा बोहरी आळीत तमक्याकडे जुन्या घडणीची पटाशी आली आहे, अशी जाहिरात असती तर ती आम्ही कापून ठेवली असती. तशी कधी दिसत नाही. दिसते ती दीड लाखाच्या करवतीची, आणि ती माझ्यापेक्षा आधी बायकोच्या फोनवर, कारण घरातलं वायफाय एकच. त्यानंतर घरात जे बोलणं होतं ते जाहिरातदाराला ऐकू जात नसावं, अशी आशा आहे.

तरीही काही कृतघ्न वाचक जाहिरात अडवणारं सॉफ्टवेअर लावतात. त्यांच्यासाठी आयता अभ्यासक्रम आपल्या सरकारनेच छापून दिला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात फसवणुकीचे १३ प्रकार व्याख्येसकट दिलेत. खोटी घाई, लेखाच्या वेशातली जाहिरात, एकसारखी टोचणी, सगळं आहे. मला त्यातलं लाजवून होकार घेणं विशेष आवडतं. वाचकाला दोनच बटणं द्यायची. ‘होय, मी जाहिराती बघेन’ आणि ‘नको, मला डुगडुगणारं फर्निचरच आवडतं’.

मी दुसरं दाबलं. खोटं कशाला बोला.

स्टूल अजून आहे. चौथा पाय आखूड राहिलाय, बसलं की टक् करून एका बाजूला कलतं. प्लायचा तुकडा लावून पाहिला, जाड होतो. काचेवरचा पॉलिश पेपर घातला, पातळ पडला. गेल्या रविवारी पेपरात मॉड्युलर किचनचं गुळगुळीत कागदावरचं पत्रक आलं, तीच बाई, तेच हसू. तीन घड्या घातल्या, किंचित कमी पडल्या. चौथी घातली, बरोबर बसलं.