कॅनडाला जाताय? एक संध्याकाळ कर्लिंग रिंकसाठी ठेवा

आपली माणसं कॅनडाला जाऊन आली की फोटो ठरलेले, नायगारा, बॅन्फ, सीएन टॉवर. मला सगळ्यात जास्त काय आवडलं विचाराल तर सस्कॅचेवान प्रांतातल्या बिगर नावाच्या गावचं कर्लिंग रिंक. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत पलीकडे आखलेल्या वर्तुळाच्या मध्याजवळ नेऊन थांबवायचा खेळ. सास्काटूनहून गाडीने तासाभराचा रस्ता, वस्ती दोन हजारांच्या आसपास, बाहेर मरणाची थंडी. दाजींच्या ओळखीतल्या एकांची मॅच होती म्हणून ताईबरोबर आम्ही सगळेच गेलो.

टीव्हीवर बघून लोक म्हणतात हा कसला खेळ, दगड ढकला आणि झाडू मारा. अहो जवळून बघा एकदा! तो ग्रॅनाइटचा दगड वीस किलोच्या जवळपास असतो, आणि बर्फ गुळगुळीत नसतो बरं का, मॅचआधी एक काका पाठीवर टाकी अडकवून उलटं चालत पाण्याचे बारीक बारीक थेंब शिंपडत गेले, ते थेंब गोठले की बर्फावर घामोळं आल्यासारखे दाणे उठतात आणि दगड त्यांच्यावरून सरकतो. सोडताना हँडल हलकेच फिरवलं की शेवटी शेवटी तो वळायला लागतो, पुढे ब्रशने जीव तोडून घासलं की जास्त लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे दगड हातातून सुटला तरी काम संपत नाही, घासणारे दोघं आणि पलीकडून ओरडणारा कॅप्टन, ज्याला ते स्किप म्हणतात, तिघं मिळून तो शेवटपर्यंत नेतात.

पण मी ही पोस्ट लिहितेय ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. क्लबच्या मॅचला अंपायर नसतो. सरकत्या दगडाला तुमचा ब्रश लागला तर तुम्हीच सांगायचं. माझ्यासमोर एका मुलीचा ब्रश जेमतेम टेकला, समोरच्या टीमच्या लक्षातही आलं नव्हतं, तिने स्वतःहून सांगितलं आणि दगड बाजूला काढला. वाद नाही, शाबासकी नाही, खेळ पुढे चालू. मॅच संपल्यावर दोन्ही टीम एकाच टेबलावर, आणि पहिलं ड्रिंक जिंकलेल्यांनी पाजायचं अशी पद्धत.

शेजारच्या शीटवर, म्हणजे बर्फाच्या पट्टीवर, शाळेची पोरं, त्यापलीकडे सत्तरीचे आजोबा, त्यांना वाकता येत नाही म्हणून लांब काठीने उभ्यानेच दगड सोडत होते. हे बघून खरंच पोटात तुटलं, कारण आपल्याकडे शाळा सुटली की खेळ सुटतो, बायकांचा तर आधीच. मैदानं आहेत, पण पन्नाशीच्या बाईने तिथे काय खेळायचं, कुणाबरोबर, हे कुणी ठरवतच नाही.

आणि इथूनच चॅम्पियनही येतात. सँड्रा श्मिरलर याच बिगरची. 1998 ला नागानो ऑलिम्पिकमध्ये तिच्या टीमने कॅनडाला महिला कर्लिंगचं गोल्ड मिळवून दिलं, आणि 2000 मध्ये कॅन्सरने गेली, अवघी 36 वर्षांची.

मुलांकडे हिवाळ्यात जाणार असाल तर जवळच्या क्लबला फोन करून विचारा, बऱ्याच ठिकाणी नवख्यांनाही खेळून बघू देतात. स्वच्छ तळव्याचे बूट वेगळे न्या, बाहेरची माती त्या बर्फावर अजिबात चालत नाही.