चमकीचा कोट राहू द्या, नाटकाला कात्री लावू नका

भंडारा जिल्ह्यात लाखांदूरकडच्या आमच्या गावात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकावरून सध्या जोरात वाद चाललाय आणि तो सगळा रोज माझ्या फोनवर येतो, मी इथे अमेरिकेत, मिलवॉकीला. झालं असं की ऑर्गनच्या जागी कॅसिओ आला ते तर जुनंच झालं, पण यंदाचा कॅसिओवाला टिकल्यांचा चमचमता कोट घालून आला, कॅसिओला एलईडीची पट्टी गुंडाळलेली, आणि गाणं संपताना डाव्या हातानं सूर दाबून धरायचा नि उजवा हात वर नेऊन असा थांबायचा की मागून शिट्ट्याच शिट्ट्या. कमिटीतली शिकलेली मंडळी म्हणतात हा थिल्लरपणा झाडीपट्टीला, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या परंपरेला, बुडवणार, पुढच्या सालाले साधा माणूस आणा. पोट्टे म्हणतात हाच पाहिजे, नाहीतर वर्गणी मागायला येऊ नका.

मला यात बोलावंसं वाटतं कारण हाच वाद इथे सत्तर वर्षांपूर्वी होऊन गेलाय. आमच्या घराजवळच वेस्ट ॲलिस आहे, तिथे १९१९ मध्ये लिबराची नावाचा पियानोवाला जन्मला. बाप फ्रेंच हॉर्न वाजवणारा, घरात पैशाची ओढाताण. पोरगा इतका तयार की १९४० मध्ये, विशीत, इथल्याच पॅब्स्ट थिएटरात शिकागो सिम्फनी या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर वाजवला. आणि मग त्यानं ठरवलं की आपण गंभीर मैफिलीत राहायचं नाही. पियानोवर मेणबत्त्यांचा मोठा स्टँड ठेवला, चमकीचे कोट, बोटांत अंगठ्या, टीव्हीवर थेट कॅमेऱ्यात बघून हसायचा, बायांना वाटायचं आपल्याशीच बोलतोय. १९५५ मध्ये लास व्हेगासच्या रिव्हिएरा हॉटेलनं त्याला आठवड्याला ५०,००० डॉलर दिले.

समीक्षकांनी त्याला सोलून काढलं. लंडनच्या डेली मिरर या पेपरनं तर १९५६ मध्ये इतकं जहरी लिहिलं की तो कोर्टात गेला आणि १९५९ ला ८,००० पौंडांची भरपाई जिंकला. पण त्या काळचं लिखाण वाचताना मला खटकतं ते हे, की त्याच्या वाजवण्यापेक्षा जास्त हसलेत ते त्याला ऐकायला येणाऱ्या बायांना. मध्यमवयाच्या, घर चालवणाऱ्या, कधी मोठ्या मैफिलीला न गेलेल्या बाया, त्यांना कसली आलीय अभिरुची! आणि आपल्याकडे काय वेगळं चाललंय? माझी मावशी दिवसभर धान कापून रात्री सतरंजी नि चादर घेऊन नाटकाला बसते ते पहाटेपर्यंत, तिला तो कोट आवडला. तिनं थोडी चमक बघितली तर कोणाचं काय बिघडलं? शहरातले लोक अख्ख्या झाडीपट्टीलाच भडक म्हणत आले, २०२३ ला झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठं अनेकांना कळलं की इकडे अशी रंगभूमी आहे. तेच नाक मुरडणं आता आपण आपल्याच माणसांशी करायचं का?

आणि दिखाव्याचं म्हणाल तर मोठ्या संगीतातही तो होताच. फ्रान्झ लिस्ट या पियानोवादक-संगीतकारानं १८४० च्या दशकात युरोपला असं वेड लावलं होतं की बाया त्याच्या हातमोज्यांसाठी भांडायच्या. त्याची रचना आज कोणी हलकी म्हणत नाही.

पण मी पोट्ट्यांच्याही पूर्ण बाजूनं नाही. लिबराचीचं मला जे पटत नाही तो मेणबत्त्यांचा स्टँड नाही, ती कात्री आहे. चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराचा अर्ध्या तासाच्या वरचा कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो नि वाद्यवृंदाची मोठी रचना, तो काही मिनिटांत आटपायचा, गोड चाली ठेवायच्या नि कंटाळवाणं वाटेल ते उडवायचं, आणि हे तो अभिमानानं सांगायचा. अहो पण ती गोड चाल शेवटी इतकी अंगावर येते ती मधल्या झगड्यामुळेच ना, तोच काढला तर राहिलं काय?

यंदा आपल्याकडे नेमकं हेच झालं. वन्स मोअरवर वन्स मोअर, त्यात दोन डान्स वाढवले, पहाट व्हायला आली आणि तिसऱ्या अंकातला बापलेकीचा प्रवेश सरळ गाळला. मावशी फोनवर कोटाबद्दल हसून बोलली आणि मग म्हणाली, "बाई, ते पोरगी घरी आली का नाही मंग, काही समजलंच नाही." रात्रभर थंडीत बसलेल्या बाईला गोष्ट अर्धी मिळाली, याचा राग मला आहे, एलईडीच्या पट्टीचा नाही. आणि या प्रवेशाबद्दल ग्रुपवर दोन्हीकडच्या एकानंही अक्षर लिहिलं नाही.

म्हणून कमिटीला माझं सांगणं आहे, वर्गणी मीही देते म्हणून हक्कानं सांगते. कॅसिओवाला तोच ठेवा, त्याचा हात खरंच चांगला आहे, मी व्हिडिओ नीट ऐकलेत. पण नाटक कंपनीशी बोलणी करतानाच ठरवून घ्या की नाटक पूर्ण होईल, एकही प्रवेश गळणार नाही, आणि वन्स मोअर किती घ्यायचे ते पडदा उघडायच्या आधी ठरेल. डान्स वाढवायचे असतील तर नाटक लवकर सुरू करा.