गाडी बसली तरी मान ताठ

तर तुम्ही कोल्हापुरात लक्झरी गाडी घ्यायचं ठरवलंय. उत्तम. फौंड्रीला मोठी ऑर्डर मिळाली असेल, नाहीतर उजळाईवाडीकडचा प्लॉट विकला असेल. पैसा कुठून आला हे विचारण्याइतका मी अडाणी नाही. एकच सांगतो. गाडी बघताना 'टिकेल का?' असा प्रश्न मनात आला, तर तो तिथंच गिळा. हा प्रश्न टेम्पो घेणाऱ्यानं विचारायचा असतो.

सगळ्यात आधी जपायचं ते लेक्ससपासून, म्हणजे टोयोटाच्या लक्झरी ब्रँडपासून. अमेरिकेत जे. डी. पॉवर ही संस्था दरवर्षी तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना गाठून काय काय बिघडलं ते विचारते आणि शंभर गाड्यांमागं किती तक्रारी, ते मोजते. २०२४ साली सगळ्या ब्रँडांची सरासरी निघाली १९०. लेक्सस १३५ वर, पहिली. म्हणजे एका गाडीमागं दीड तक्रारसुद्धा नाही. अशी गाडी घेऊन तुम्ही रंकाळ्यावर भेळ खाताना बोलणार काय? 'सकाळी चालू केली, चालू झाली'? मित्र दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद होतील.

ही खोड त्यांना पहिल्यापासूनच. १९८९ साली लेक्सस बाजारात आली आणि त्याच वर्षाच्या शेवटी वायरिंगच्या आणि क्रूझ कंट्रोलच्या दोषापायी सुमारे ८,००० गाड्या परत बोलवायची वेळ आली. केवढी संधी होती! गिऱ्हाइकाला चार चकरा मारायला लावता आल्या असत्या. यांनी काय करावं? माणसं घरी पाठवून गाड्या नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन, टाकी भरून परत आणून लावल्या. मालकाला शिवी हासडायलासुद्धा जागा ठेवली नाही. असला रुबाब काय कामाचा?

आता समाधानाचं बोलू. टिकाऊपणा आणि समाधान एकच, असा काही भोळ्यांचा समज असतो. त्याच संस्थेची दुसरी एक पाहणी आहे, गाडी मालकाला किती भावली ते मोजणारी. ती होते गाडी घेतल्यावर पहिल्या ९० दिवसांत. आपल्याकडं नव्याचे नऊ दिवस. लक्झरीला एक शून्य जास्त लागतं, एवढाच फरक. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही अमेरिकेतली ग्राहकांची संस्था. तिथले लोक जरा खडूस, ते थेट विचारतात, हीच गाडी पुन्हा घ्याल का? तरीही घाबरू नका. लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५७ सालीच सांगून ठेवलंय, की केलेली गोष्ट आणि मनाला पटणारी गोष्ट यांचा मेळ बसेना झाला, की माणूस मनच वाकवतो. पाऊण कोटी मोजल्यावर 'चुकलो' म्हणायला मन धजत नाही. ते 'घेईन की!' म्हणतं.

माझं मन चांगलं वाकलेलं आहे. ब्रँडचं नाव सांगत नाही. पुण्याहून सेकंडहँड आणलेली, काळी, एअर सस्पेन्शनवाली, एवढं पुरे. या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे असतात आणि त्यांत हवा भरायला एक कॉम्प्रेसर. रबराला बारीक चीर गेली, की हवा हळूहळू निसटते. कॉम्प्रेसर बिचारा रात्रंदिवस भरत राहतो आणि एक दिवस जळतो. एका फुग्याची गोष्ट दोन पार्टांवर जाते. गाडीसुद्धा संसार मांडते, म्हणायचं.

तर एका पहाटे धारोष्ण दूध प्यायला मी गंगावेशीत गेलो. गाडी मुद्दाम कट्ट्यासमोर, सगळ्यांना दिसेल अशी लावली. पेल्यावरचा फेस ओठाला लागतोय तोवर मागनं 'फुस्स' झालं. वळून बघतो, तर गाडीनं पुढचा डावा गुडघा टेकलेला. चाक मडगार्डात गडप. धार काढणाऱ्या मामांनी चरवी खाली ठेवली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "म्हस बी बसताना पुढचंच गुडघं टेकत्या ओ. पण मग मागनं बी बसत्या. ही मधीच काय थांबली?"

यावर काय बोलायचं, ते घोकून ठेवा. 'बंद पडली' हा शब्द तोंडातून जाता कामा नये. 'सिस्टिमनं सेफ्टी मोडला घातली' असं म्हणा. मी तेच म्हणालो. मामा म्हणाले, "आस्सं!" आणि पुन्हा म्हशीकडं वळले.

उद्यमनगरात न्यायचा मोह होईल. आवरा. ज्या गल्ल्यांतून ऑईल इंजिनं देशभर गेली, तिथल्या मिस्त्रीला गाडीची बॅटरी बदलणं अवघड नाही; पण अशा बऱ्याच गाड्यांत बॅटरी नवी बसवल्याचं गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावं लागतं. नाहीतर तो जुन्याच बॅटरीच्या हिशेबानं चार्जिंग करत राहतो. मिस्त्री पाना टाकून हात पुसतो आणि म्हणतो, "साहेब, हिला इंजिनिअर न्हाई, तलाठी पायजे."

मग फ्लॅटबेड. गाडी ट्रकवर बसून पुण्याला जाते: किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर. चारही टोल तिच्या वतीनं ट्रक भरतो आणि तुमच्या वतीनं बिलात येतो. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं, तर गाडी 'डिटेलिंगला' चाललीय.

पावसाळ्याचं थोडक्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. पण तुमच्या इंजिनाला एवढी नदी लागत नाही. हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलं, की पाणी काही दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. तेव्हा पूर आला, की गाडी उंचावर लावा आणि घरच्या स्कूटीवरून पाणी बघायला जा.

कुणीतरी दसऱ्याची मेबॅक काढेलच. राजाराम महाराजांच्या काळातली ती गाडी आजही सीमोल्लंघनाला दसरा चौकात डौलात येते, तीही जर्मनच की, असं म्हणेल. त्याला सांगा, तिला टचस्क्रीन नाही. वरच्या त्या बिघाडांच्या पाहणीतसुद्धा सगळ्यात जास्त तक्रारी इन्फोटेनमेंटच्या, म्हणजे त्या स्क्रीनच्याच. फोन जोडला जात नाही, बोललेलं कळत नाही. माझ्या गाडीला 'घरी चल' म्हटलं, की ती बाईंच्या आवाजात माफी मागते. मेबॅकनं आजवर कुणाची माफी मागितल्याचं ऐकिवात नाही.

परवा मेहुण्याच्या चौदा वर्षं जुन्या इनोव्हातनं गावी चाललो होतो. मागं पेंडीची पोती, मांडीवर नारळ. फोन आला. पलीकडून गोड आवाज: "सर, आमच्या सर्व्हिसबद्दल आपण किती समाधानी आहात? दहापैकी?"

"दहा," मी म्हणालो.

मेहुण्यानं गिअर टाकत विचारलं, "कुणाचा फोन, दाजी?"

"गाडीचा."

"मग, झाली का?"

"गुरुवारी म्हणत्यात."

"कुठल्या गुरुवारी?"

मी नारळ दुसऱ्या मांडीवर घेतला.