नाला सरळ केला की पूर गेला? फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

गेल्या पावसाळ्यापासून एक मेसेज आमच्या बेळगाव पट्ट्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. भाऊबंदांच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळालाही कुणी सोडलं नाही. त्यातला मजकूर थोडक्यात असा: मार्कंडेय नदीचा पूर घालवायचा एकच उपाय. नदी आणि तिला मिळणारे ओढे जेसीबी लावून खोल आणि सरळ करा, दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत घाला. डोंगरात चर मारणं, ओढ्यात दगड-ओंडके टाकणं हा पोरखेळ, त्याने उलट पूर वाढतो. हे परदेशी फॅड आहे. खऱ्या अतिवृष्टीत त्याचा काडीचा उपयोग नाही. पूर येतो तो नदीवरच्या राकसकोप धरणाचे दरवाजे उघडल्यामुळे. आणि हे काम सरकारचं, गावाने कुदळ हातात घ्यायची गरज नाही. चर दोन वर्षांत बुजतात, काँक्रीट कायमचं.

माझी पावणेदोन एकर भातशेती नदीकाठाला आहे, तेव्हा मी काही तिऱ्हाईत नाही. मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला पुरता कळतो. धूळवाफ पेरणी करायची, भांगलण करून पीक वर काढायचं आणि जुलैत आठवडाभर पाणी उभं राहून ते डोळ्यांदेखत कुजलेलं बघायचं, हे मी केलंय. पण त्या रागाच्या भरात जो उपाय सांगितला जातोय तो केला, तर माझ्या खालच्या गावाचं काय होईल ते आधी बघू.

"खोल आणि सरळ करा."

समजा, वळणं घेत तीन किलोमीटर जाणारा ओढा तुम्ही दोन किलोमीटरच्या सरळ रेषेत आणला. उंची तीच, अंतर कमी, म्हणजे उतार दीडपट झाला. वाहत्या पाण्याचा वेग उताराच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो. बाकी सगळं तेच धरलं तरी वेग २२ टक्क्यांनी वाढला, वर वाट एक तृतीयांशाने घटली. ज्या पाण्याला तास लागायचा ते साधारण ३३ मिनिटांत खाली. भिंती गुळगुळीत केल्या तर त्याहून लवकर. आता उचगावचं पाणी आंबेवाडीला, आंबेवाडीचं कंग्राळीला, कंग्राळीचं कडोलीला, अशी ही उतरंड आहे. प्रत्येक गावाने आपला ओढा सरळ केला की आज पुढेमागे पोचणारे सगळे ओढे एकाच वेळी नदीत उतरणार. पुलाच्या मोऱ्या मात्र तेवढ्याच राहणार.

एक गोष्ट मान्य. पुलाखाली अडकलेला गाळ, पाचट, प्लास्टिक, जलपर्णी काढलीच पाहिजे. बळ्ळारी नाल्याच्या नावाने येळ्ळूर, शहापूर, वडगावचे शेतकरी दरवर्षी ओरडतात ते उगीच नाही. पण नाला साफ करणं वेगळं आणि सरळ करणं वेगळं. मेसेजने दोन्ही एकात कालवलंय.

"ओढ्यात दगड-ओंडके टाकले की पूर वाढतो."

हे निम्मं खरं आहे, म्हणून त्याला उत्तर देणं अवघड. नदीच्या पात्रात, पुलाच्या वरच्या अंगाला कुणी सैल ओंडके टाकत असेल तर त्याला अडवायला मीच पहिला येईन. वाहून येऊन ते मोरी बुजवणारच. पण हे काम तिथे करायचं नसतं. ते करायचं डोंगराच्या कुशीतल्या ओहोळांवर, जे उन्हाळ्यात कोरडे असतात आणि माणूस उडी मारून पार करतो.

आमच्या गावच्या वरच्या अंगाला आम्ही दहा-बारा जणांनी असे अडथळे घातले, आणि पहिल्या वर्षी सपशेल चुकलो. अकेशियाचे ओंडके आडवे टाकले आणि खालची फट दगडमातीने पक्की बुजवली. बंधारा बांधायची सवय, दुसरं काय! तरणा पाऊस लागला तशी पाण्याने बाजूने वाट काढली, काठ खचला आणि शेजारच्या काकांची चार हात मेर, म्हणजे शेताची कड, गेली. काकांनी ओढ्यावर उभं राहून आमचा उद्धार केला, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

पुढच्या वर्षी ओंडक्याखाली वीतभर फट ठेवली. दोन्ही टोकं काठात दोन-दोन हात गाडली. मधला भाग कडेपेक्षा खाली ठेवला, म्हणजे वरून सांडलं तरी पाणी मधूनच सांडावं. आता रोजचं पाणी फटीतून सरळ निघून जातं, अडतच नाही. पाणी चढलं की मागे फुगतं, बाजूच्या माळावर पसरतं आणि पाऊस ओसरल्यावर काही तासांत गुपचूप उतरतं. ओंडक्यांना वाळवी लागते, म्हणून हल्ली आम्ही अनघड दगडच वापरतो.

इथे आमच्यापैकी अनेकांची गफलत होते, कारण जलसंधारण आपल्या अंगवळणी पडलंय. पाणी साठवायचं असेल तर बंधारा भरलेला हवा. पूर कमी करायचा असेल तर तोच खड्डा पुढचा पाऊस यायच्या आत रिकामा हवा. भरलेलं तळं पुराच्या दिवशी नसल्यासारखंच. दोन्ही कामांना दगड तेच लागतात, उद्देश मात्र उलटा. वनराई बंधारे आपण पावसाळा संपताना घालतो, ते याच कारणाने बरोबर आहे. तेच जूनमध्ये घातले तर मेसेजवाला जिंकला.

"हे परदेशी फॅड आहे."

परदेशात हे चालू आहे, खरं. वेल्समध्ये पाँटब्रेन नावाच्या भागात मेंढपाळ शेतकऱ्यांनी स्वतःहून बांधावर झाडांचे पट्टे लावले. तिथे शास्त्रज्ञांनी मोजलं तर झाडांखालच्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग शेजारच्या चराऊ कुरणाच्या ६० पटींपर्यंत निघाला. मेंढ्यांच्या खुरांनी कुरण चोपून घट्ट झालेलं होतं, हे त्यामागचं मोठं कारण. भिंती बांधण्यात ज्यांचा हात कुणी धरणार नाही, त्या डच लोकांनीही या शतकात काही ठिकाणी काठाचे बांध मागे सरकवून नदीला पसरायला जागा दिली.

पण मला विचाराल तर फॅड म्हणून जे हिणवलं जातंय ते आपल्याच शिवारात आहे, फक्त त्याला नाव नाही. भाताचं खाचर घ्या. एक एकर खाचरात अर्धा फूट पाणी मावलं तर ते सहा लाख लिटर होतं. शंभर एकरांचं सहा कोटी. अर्थात खाचर आधीच तुडुंब असेल तर हा हिशेब कागदावरच. म्हणून जुनी माणसं सांडवा उघडून पाणी एकातून दुसऱ्यात उतरवत राहायची आणि आभाळ भरून आलं की बांधावरून फेरी मारायची. कशाला? खेकड्यांची बिळं बघायला. खेकड्याने बांध पोखरला की बोटाएवढ्या भोकातून सुरुवात होते आणि रात्रीत बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडतं. मग वरच्या खाचराचं पाणी एकदम खालच्यावर. माझे आजोबा बिळात पेंढा आणि चिखल कोंबून वर टाच मारायचे. आज निम्मी शेतं पड आहेत, बांध कुणी बघत नाही, उरलेल्यांत भराव घालून प्लॉट पडलेत. ती सहा कोटी लिटरची जागा कुठे गेली, याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही.

"अतिवृष्टीत काडीचा उपयोग नाही."

ऑगस्ट २०१९ सारखी अतिवृष्टी म्हणत असाल तर उपयोग थोडाच, हे मी आधीच कबूल करतो. त्या दिवसांत निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेने राष्ट्रीय महामार्ग बंद पाडला होता. तसलं पाणी दगडांच्या ओळीने थोपत नाही. आणि जुलैअखेर जमीन पाणी पिऊन तर्र झालेली असते, तेव्हा चरात काही मुरत नाही. आमच्यातलेच काही उत्साही लोक 'झाडं लावा, पूर थांबवा' असे फलक लावतात, तेही मला पटत नाही. हातभर रोप पूर थांबवत नाही. झाडं लागतात ती काठ धरून ठेवायला, आणि तिथे करंज, निर्गुडी, चिवार (बांबू) चालतं.

पण 'थोडा' म्हणजे 'शून्य' नव्हे. इंग्लंडात पिकरिंग नावाचं गाव आहे, वारंवार बुडणारं. तिथे ओहोळांवर असे झिरपते अडथळे घातले आणि एक मोठा मातीचा बांध घालून पुराचं पाणी तात्पुरतं साठवायची सोय केली. डिसेंबर २०१५ च्या पावसात पुराचा कळस १५ ते २० टक्क्यांनी उतरला असा तज्ज्ञांचा अंदाज निघाला, त्यातला साधारण अर्धा वाटा वरच्या कामांचा, अर्धा त्या बांधाचा. हे आकडे मी इथे चिकटवणार नाही. त्यांची अतिवृष्टी म्हणजे आपल्या आषाढातली एखादी दुपार, आणि घाटमाथ्यावरच्या कणकुंबीकडे तर बेळगाव शहराच्या दुपटीहून जास्त कोसळतो. पण आपलं नुकसान काही फक्त २०१९ ला झालं नाही. दर दुसऱ्या वर्षी येणारा, गुडघाभर चढून चार-पाच दिवस बसणारा पूर पीक खातो. तो हातभर कमी चढला किंवा दोन दिवस आधी उतरला, तर माझी दुबार पेरणी वाचते.

"पूर राकसकोपच्या दरवाजांमुळे."

राकसकोपची पूर्ण पातळी २४७५ फूट. जलाशय काठोकाठ भरल्यावर आत येईल तेवढं पाणी बाहेर सोडावंच लागतं. दरवाजे एकदम उघडले, आगाऊ कळवलं नाही, अशी तक्रार जरूर करा, मीही सही करीन. पण राकसकोपच्या खाली नदीला मिळणाऱ्या ओढ्यांवर एकही दरवाजा नाही आणि आमची शेतं पुष्कळदा त्यांच्याच पाण्याने आधी बुडतात.

"हे सरकारचं काम."

पैसा सरकारचा हवाच. उद्योग खात्रीतून, म्हणजे रोजगार हमीतून, चर, बांध, शेततळी होत आलीत. अर्ज कानडीत भरायचा म्हणून आमचे लोक पंचायतीची पायरी चढायला कचरतात, हे दुखणं वेगळं आणि खरं. पण कुणाच्या माळावर चार तास पाणी उभं राहू द्यायचं, हे पीडीओ (पंचायतीचा विकास अधिकारी) ठरवू शकत नाही. ते दोन शेजाऱ्यांनी बांधावर बसून ठरवायचं असतं. भाऊबंदकीत हेच सगळ्यात अवघड. दगड उचलणं त्यापुढे काहीच नाही.

"चर दोन वर्षांत बुजतात, काँक्रीट कायमचं."

भिंतीच्या पायाखालची माती पाण्याने खाल्ली की कायमचं काँक्रीट कसं आडवं होतं, ते कुठल्याही नाल्यावर जाऊन बघा. चर बुजतात, हे मात्र शंभर टक्के खरं. दर मे महिन्यात ते उपसावे लागतात. गेल्या मेमध्ये आम्ही एक मोठा खड्डा उपसला तर चांगली काळी, भुसभुशीत माती निघाली. ज्यांची मेर आम्ही घालवली होती ते काका ट्रॉली घेऊन हजर. म्हणाले, ही माझ्या शेतातली माती, मी नेणार. त्यांचे धाकटे भाऊ वरच्या रानातून धावत आले. त्यांचं म्हणणं, माती त्यांच्या उतारावरून आलीय. अर्धा तास दोघे खड्ड्याच्या काठावर भांडले, आम्ही फावडी टेकून ऐकत होतो. शेवटी अर्धी-अर्धी ट्रॉली ठरली. यंदाचा उपसा कुठल्या दिवशी काढताय, हे दोघांनीही मला आत्तापासून विचारून ठेवलंय.