खडकाळ ओढ्यासाठी फायबरग्लासच का? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. खडकाळ, तीव्र उताराच्या ओढ्यांत कयाक (अरुंद, छोटी होडी) चालवणाऱ्यांनी फायबरग्लासच्या, म्हणजे काचेच्या तंतूंच्या, पात्यांचे आणि सरळ दांड्याचे पॅडल (दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे) घ्यावे, सोबत एक सुटे पॅडलही ठेवावे, असे मी लिहिले होते. कार्बन तंतूंचे पॅडल हलके आणि ताठ असते, वाकड्या दांड्याने मनगट वाचते आणि सुटे पॅडल म्हणजे विनाकारण ओझे, असे आपले म्हणणे आहे. मनगटाचा मुद्दा मला मान्य आहे. ज्यांचे मनगट आधीच दुखावलेले आहे त्यांनी वाकडा दांडा जरूर घ्यावा. ही सवलत मी लेखातच द्यायला हवी होती.

कार्बनबाबत मात्र माझे मत बदललेले नाही. आपण दाखला दिलात तो कोलाडच्या कुंडलिका नदीचा. भिऱ्याच्या जलविद्युत प्रकल्पातून सुटणाऱ्या त्या भरल्या प्रवाहात पाते बहुतेक वेळ पाण्यातच फिरते. याउलट केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या चालिप्पुळा आणि इरुवंजिप्पुळा या नद्यांवर, जिथे पावसाळ्यात मलबार रिव्हर फेस्टिव्हल हा कयाकिंगचा महोत्सव भरतो, पात्याची गाठ पाण्याइतकीच दगडाशी पडते. धबधब्यावरून उतरताना नाक खाली न जाता कयाक सपाट पडावी म्हणून शेवटचा फटका आपण कड्याच्या अगदी ओठाशी मारतो, आणि तिथे पाणी कित्येकदा वीतभरच असते. पाते दगडावर आपटणार हे गृहीत धरूनच पॅडल निवडावे लागते. काचेचा तंतू तुटण्यापूर्वी कार्बनपेक्षा अधिक ताणला जातो. माझ्या पात्यांच्या कडा चार पावसाळ्यांत झिजल्या आहेत, टोकाशी पांढरट तंतू पिंजलेल्या कापसासारखे सुटले आहेत. पण ही झीज डोळ्यांना दिसते, बोटाला लागते, आणि पॉलिशपेपर व इपॉक्सीने सावरता येते. कार्बनच्या दांड्यावर खोल ओरखडा पडला, तर तो पुढच्या एखाद्या जोरकस फटक्याला कसलीही सूचना न देता मोडू शकतो. त्यापुढे शंभरेक ग्रॅमची बचत मला क्षुल्लक वाटते.

सुट्या पॅडलबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. दोन वर्षांपूर्वी चालिप्पुळेवर माझे पाते दोन शिळांच्या फटीत अडकले आणि पॅडल सोडून द्यावे लागले. मी हातानेच कसाबसा काठ गाठला आणि मागच्या बाजूला बांधलेले चार तुकड्यांचे पॅडल जोडले. ते उसने आणलेले होते. त्याच्या पात्यांमधला कोन, म्हणजे एक पाते दुसऱ्याच्या तुलनेत जितके वळवलेले असते तो, ४५ अंशांचा, तर माझ्या हाताला सवय ३० अंशांची. पहिल्याच भोवऱ्यात मी आधारासाठी पाते पाण्यावर टेकवले तेव्हा ते सपाट पडण्याऐवजी तिरके कापत खाली गेले आणि मी उलटलो. त्या क्षणी हात विचार करत नाहीत, सवयीनेच वळतात.

म्हणून आपण कार्बनचे पॅडल घेतलेत तरी माझी तक्रार नाही, परंतु त्याचा कोन ३० अंशांचा असेल तर सुटे पॅडलही ३० अंशांचेच आणि जवळपास त्याच लांबीचे घ्या, आणि चालिप्पुळेला येताना ते कयाकमध्ये बांधूनच या.